हिरवं पाणी

गाडी ट्रॅक्टरच्या मागं दोरखंडानं बांधून गावात आली, तेव्हा खांदेमळणीची सांज होती आणि निम्मा गाव मारुतीच्या पारावर बसलेला होता. एरवी सोमेश्वर ऐटीत गाडी पळवत यायचा तेव्हा तिथं चिटपाखरू नसायचं. आज मात्र सगळे हजर!

"सोमाभाऊ, पोळा उद्या हाय! मिरवणूक आजच काढली व्हय?"

सगळे हसले. सोमेश्वरही हसला. दुसरं काय करणार? बंद गाडीचं स्टेअरिंग वळवून वळवून त्याच्या दंडाला गोळे आले होते. मागच्या सीटवर आई डोळ्याला पट्टी लावून बसली होती. कुरुंद्याच्या फाट्यावर बाभळीखाली वाफाळणाऱ्या बोनेटकडं बघत निम्मी दुपार घालवल्यावर त्याच्या अंगात रागवायचंही बळ उरलं नव्हतं.

"लोकं हसून राहिले का रे?" सखुबाईंनी विचारलं.

"न्हाई आई. पोळ्याचं बोलून राहिले."

बैल विकून ही गाडी घेतली होती. लाल कंधारी जोडी होती, बाणा आणि लाल्या. धाकट्या भावाचं, विजयकुमारचं म्हणणं, मशागतीला ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, पण आईला दर महिन्याला नांदेडला डोळ्यात सुई द्यायला न्यायचं तर बैल काय कामाचे? त्यात खोटं काही नव्हतं. धाकटा विजयकुमार वसमतला हळदीच्या आडतीवर कामाला, चार माणसांत ऊठबस असलेला. त्यानंच नांदेडला जाऊन ही वापरलेली पांढरी गाडी पसंत केली. लहान आहे, पेट्रोल कमी पिते, पार्ट कुठंही मिळतात, असं घरात सगळ्यांना समजावून सांगितलं.

पार्ट कुठंही मिळतात, एवढं मात्र खरं निघालं. पहिल्याच दिवाळीला क्लचप्लेट गेली. मग शेताच्या रस्त्यानं खालचे रबरी बुश खाल्ले आणि गाडी जुन्या बैलगाडीसारखी कुरकुरायला लागली. हळदीची पोती मागच्या सीटवर टाकून नेली, तर एसीतून अजून पिवळी भुकटी उडते. हे सगळं चालवून घेतलं. पण मग ती तापायला लागली. थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला, पाण्याचा पंप बदलला. वसमतचा उत्तमसिंग मिस्तरी दरवेळी छातीवर हात ठेवून म्हणायचा, आता बघायचं काम नाही. आणि दरवेळी दीड-दोन महिन्यांत काटा पुन्हा लाल. सोमेश्वर शेतात राबणारा, त्याला खर्च पोत्यांतच दिसायचा. क्लचला सोयाबीनची चार पोती गेली, पंपाला हळदीचं एक. काढणी झाली की उत्तमसिंगच आठवायचा.

आणि आज फाट्यावरच्या मिस्तरीनं, गाडी थंड झाल्यावर, रेडिएटरचं टोपण उघडून आत बोट बुडवलं होतं.

"यात इंजन थंड ठेवायचं कुलंट कुठाय? नुसतं पाणी भरलंय. बोरचं खारं पाणी."

"काय सांगता? उत्तमसिंगनं दरवेळी कुलंट टाकलंय. त्याचे पैसे देऊन राहिलो आमी."

"मग त्यानं पैसे घेतले अन् पाणी भरलं. कुलंट हिरवं असतं भाऊ. हे बघा, हे काय हिरवं हाय?"

ते वाक्य सोमेश्वरनं फाट्यापासून घरापर्यंत चघळत आणलं.

* * *

दारात वडील सटवाजी तुपात हळद कालवून वाट बघत उभे होते. बैल असताना खांदेमळणीला ते बैलांचे खांदे चोळायचे. बैल गेल्यापासून गाडीच्या बोनेटचे दोन कोपरे चोळत होते. पहिल्या वर्षी पोरं हसली, आता कोणी हसत नव्हतं. बोनेट अजून कोमट होतं, तूप लागल्याबरोबर पघळून खाली ओघळलं.

"ताप हाय अंगात," सटवाजी म्हणाले. "लई वढली का रे हिला?"

सोमेश्वर थेट ओसरीवर गेला. विजयकुमार नुकताच वसमतहून आला होता, पायातले बूट काढत होता.

"विज्या, एक सांग. कुलंट हिरवं असतं. बिलात कुलंट, अन् गाडीत बोरचं पाणी. मधले पैसे कोणाच्या खिशात गेले?"

"काय बोलून राहिलास भाऊ?"

"बराबर बोलून राहिलो. उत्तमसिंग तुझा दोस्त. गाडी तूच पसंत केलीस, तूच दुरुस्तीला नेतोस, पैसे तुझ्याच हातानं जातात. अन् मी इथं गुडघाभर चिखलात राहतो. मला काय कळतंय?"

"मी दलाली खाल्ली म्हणतोस?"

"मी म्हणत न्हाई. गाडी म्हणून राहिली."

विजयकुमारची बायको कोमल पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती. ती तिथंच थबकली. सखुबाई चाचपडत खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, सणाचं काय हे लावलं? मला नांदेडला न्यायचंच नका. एक डोळा गेला तर गेला."

"तुझ्या डोळ्याचं न्हाई आई हे." सोमेश्वरचा आवाज थकलेला होता. "मला हे झेपत न्हाई आता. पोळा होऊ द्या. परवा चार माणसं बोलवू. वेगळं व्हऊन जाऊ. त्यानं त्याची गाडी ठेवावी, माझं मी बघीन."

बोलून टाकलं. किती वर्षं त्या घरात हा शब्द कोणी उघडपणे काढला नव्हता. सटवाजींच्या बापाच्या वेळी वाटणी झाली ती दोन चुलत घरं अजून एकमेकांच्या मयतीलाही तोंड वळवून उभी राहत. म्हणून सटवाजींनी दोन्ही पोरांची लग्नं झाल्यावर एकच गोष्ट धरून ठेवली होती, की आपल्या डोळ्यांदेखत चूल एकच राहावी. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही.

ते तुपाची वाटी घेऊन दारात उभे होते. कानानं कमी ऐकू यायचं, पण एवढं ऐकू आलं असावं. त्यांनी उरलेलं तूप गाडीच्या आरशावर चोळलं.

* * *

स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडता निवडता शिवकन्याचा हात थांबला होता. सोमेश्वरची बायको ती, घरातली थोरली सून. नवऱ्याचे बाकीचे शब्द तिला नवे नव्हते, महिनाभर रोज उशीला डोकं टेकताना तेच ऐकत होती. पण "कुलंट हिरवं असतं" हे आज पहिल्यांदा ऐकलं.

हिरवं!

सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडणारी तीच. आणि तिच्या आधी उठणारे फक्त मामा, तिचे सासरे. गाडी दुरुस्तीहून आली की दुसऱ्या दिवशी पहाटे मामा हातात पकड घेऊन गाडीच्या तोंडाखाली सरकायचे. खालून हिरवंगार पाणी वाहायचं. मग मामा बोरच्या नळावरून बादली आणून वरून ताजं पाणी ओतायचे, बैलाला पाजावं तसं, बोलत बोलत. त्यात लपवाछपवी काही नव्हती. कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण त्या वेळी घर झोपलेलं असायचं, आणि म्हाताऱ्या माणसाला पहाटे काय करता म्हणून कोण विचारतं? शिवकन्याला वाटायचं, मामांना इंजनाचं कळतं. विहिरीवरचं डिझेल इंजन त्यांनी अर्धं आयुष्य चालवलं होतं. कोंबड्यांनी ते हिरवं पिऊ नये म्हणून ती त्यावर चुलीतली राख टाकून मोकळी व्हायची.

आता उठून ओसरीवर जायचं आणि एवढंच सांगायचं. भावजींवरचा आळ जागच्या जागी उतरला असता.

पण परवा चार माणसं बसली, वाटणी झाली, की वसमतला खोली घ्यायची, असं सोमेश्वरनं तिला कबूल केलं होतं. लेकीची, आरोहीची शाळा. नळाचं पाणी. कोणाच्या चहाला आधी, कोणाच्या नंतर, असलं काही नाही. बारा माणसांच्या भाकरी थापून तिची मनगटं रात्रभर ठणकायची, हे या घरात कोणाला ठाऊक होतं? आणि सांगायचं तर कोणाचं नाव घ्यायचं? मामांचं? सणाच्या तोंडावर?

"अक्का, डाळ झाली का?" कोमलनं आत येत विचारलं. तिचे डोळे लाल झाले होते. "त्यांनी कधी कोणाचा एक रुपया खाल्ला न्हाई हो. तुमाला तरी पटतंय का हे?"

"मला काय ठावं बाई पुरुषांच्या गोष्टी," शिवकन्या म्हणाली, आणि डाळ पाखडायला लागली.

* * *

पोळ्याच्या सकाळी गावातले बैल नदीवर धुवायला निघाले. घुंगरांचा आवाज घरावरून गेला. विजयकुमार अंगणालगतच्या रिकाम्या गोठ्यात उभा होता. गाडी आता तिथंच लागायची, बाणा-लाल्याच्या खुंट्यांच्या मध्ये; काल रात्रीही ढकलून तिथंच लावली होती. त्याला झोप लागली नव्हती. उत्तमसिंगला त्यानं फोन करून बोलावलं होतं. पण उत्तमसिंगनं फसवलं असेल हे काही केल्या त्याला पटत नव्हतं. हिरवा डबा फोडून रेडिएटरमध्ये ओतताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मग ते गेलं कुठं? गळलं म्हणावं तर पाण्याची पातळी कधी कमी दिसली नव्हती.

गाडीच्या तोंडाखाली राखेचा थर होता. चूल घरात, आणि राख गोठ्यात कशाला? त्यानं चपलेच्या टोकानं ती उकरली. खालची माती हिरवट पडली होती, आणि तिच्याखाली जुनी राख, पुन्हा हिरवट माती. गव्हाणीत वडलांची पकड ठेवलेली होती. शेजारी बादली.

तो खाली उकिडवा बसला. सगळं कळलं. भाऊ म्हणतो त्यातून सुटायचा रस्ता समोर होता, नुसतं वडलांकडं बोट दाखवायचं होतं. बैल विकले त्या दिवशी वडील दावणीला हात लावून उभे होते, ते त्याला आठवलं. विकायला लावणारा तोच होता. त्यानंतर ते एकदाही टाकून बोलले नाहीत. उलट ही पत्र्याची वस्तू आपली मानून घेतली. आता भरल्या घरात, सणाला, त्यांना सांगायचं की तुमच्या हातानंच ही गाडी मेली? आणि पोरं भांडली ती तुमच्यामुळं?

मान वर केली तर गोठ्याच्या दारात शिवकन्या उभी होती, हातात राखेची पाटी. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. राख कोणी टाकली होती हे विचारायची गरज राहिली नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "बोलू नका कोणाला."

तिनं नुसती मान डोलावली. तो मामांना वाचवायला गप्प राहतोय, हे तिला कळलं होतं, आणि ते कळल्यामुळं तिला तिथं उभंही राहवेना.

* * *

उत्तमसिंग दुपारी मोटरसायकलवर आला तो तणतणतच. दरवर्षी पोळ्याला या घरी पुरणपोळी खाणारा माणूस, आज पाण्यालाही हात लावेना.

"सोमाभाई, मेरे हात का काम है. चोरी का नाम मत लेना."

त्यानं बोनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढून बाहेर काढली. पट्टीला लागलेलं तेल चहासारखं दुधाळ झालं होतं.

"हेड गॅस्केट गया. ऑइल में पानी घुस गया. अब इंजन खोलना पडेगा."

"किती?" सोमेश्वरनं विचारलं.

उत्तमसिंगनं आकडा सांगितला. त्या पैशात बैलजोडी आली नसती, पण एक बैल नक्की आला असता.

मग उत्तमसिंगनं रेडिएटरमध्ये टॉर्च मारला. आतल्या जाळीवर पांढरा खार बसला होता, पाणी तापवायच्या बंबात बसतो तसा. त्यानं आतलं सगळं पाणी सोडून दिलं, खालचा बूच आवळला, सोबत आणलेला कुलंटचा डबा सगळ्यांसमोर फोडला आणि ओतला. "देखो सब लोग. हरा है न? अब गाडी इधरच खडी रहेगी. कहीं लीक होगा तो नीचे हरा गिरेगा. नीचे नहीं गिरा और फिर भी हरा गायब हुआ, तो समझना, किसी ने निकाला है."

"कोण काढणार ते?" सोमेश्वर म्हणाला. "सरळ बोल ना, की कधी टाकलंच न्हाई."

"मैं गुरु की कसम खाके—"

"कसम नको खाऊ उत्तमसिंग." विजयकुमार मध्येच बोलला. तो खांबाला टेकून उभा होता. "भाऊ, तुझंच खरं. उत्तमसिंगचा दोष न्हाई. डबे मी घेतले अन् दुकानात वापस केले. त्याला म्हणलं, तू आता साधं पाणी भर, कुलंट मी नंतर टाकतो. टाकलं न्हाई. पैसे माझ्याजवळ राहिले."

उत्तमसिंगनं तोंड उघडलं. विजयकुमारनं त्याचं मनगट दाबलं. उत्तमसिंगला काही कळेना, पण दोस्त मनगट सोडेना, तेव्हा तो तोंड फिरवून पायरीवर बसला.

दारात कोमल होती. "का हो?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिच्या मागं शिवकन्या. कोमल पुढं झाली तसं शिवकन्यानं तिचा दंड धरला, आणि धरल्यावर आपला हात काढून घ्यायची हिंमत शिवकन्याला झाली नाही.

सोमेश्वरला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. "बस्स," तो म्हणाला. "आई, ऐकलंस ना? आता मला कोणी बोलू नका. उद्या वाटणी."

सखुबाईंनी उघड्या डोळ्यानं धाकट्याकडं बघितलं. "विजू, माझ्या पोटचा तू. खोटं बोलताना लहानपणापासून खांबालाच टेकतोस," त्या पुटपुटल्या. पण सोमेश्वर तोवर उठून आत गेला होता.

* * *

सटवाजी शेतातून पळसाच्या डहाळ्या घेऊन आले. घरात काय होऊन गेलं त्यांना ठाऊक नव्हतं. नाही म्हणायला, दारात उत्तमसिंग पाठमोरा बसलाय, सुना कोपऱ्यात उभ्या आहेत, पुरणाचा वास आहे पण पोरांचा गलका नाही, हे त्यांना जाणवलं. काल ऐकलेला वाटणीचा शब्दही डोक्यात होताच. पण उन्हं उतरत होती आणि कामं पडली होती. मारुतीपुढच्या तोरणाखाली जायची वेळ होत आली होती.

त्यांनी दारांना डहाळ्या खोचल्या. गाडी पुसली. बाणाची घुंगरमाळ पेटीतून काढून पुढच्या जाळीला बांधली. लाल्याची झूल टपावर टाकायला घेतली, मग थांबले.

"पाणी पाजल्याबिगर झूल घालत नसतेत," ते स्वतःशीच म्हणाले, आणि गव्हाणीतली पकड घेऊन गाडीच्या तोंडाखाली सरकले.

"आण्णा!" विजयकुमार ओरडला. "आण्णा, राहू द्या ते!"

त्यांना ऐकू गेलं नाही. ओरडण्यानं सोमेश्वर मात्र बाहेर आला. उत्तमसिंग उठून उभा राहिला.

खालून पाणी सुटलं. हिरवंगार. अंगणाच्या उतारानं ते सरळ ओसरीच्या पायरीपर्यंत आलं.

"बघा," सटवाजी गुडघ्यावर हात टेकत उठले. "हिरवं! मिस्तऱ्याकडून आली की दरवेळी असंच शेवाळलेलं पाणी भरून येती. शहरातल्या टाकीचं असंल. उत्तमसिंगा, राग नको धरू, पण इंजनाला असलं शिळं पाणी घालतेत काय रे? आपल्या विहिरीवरचं इंजन म्या रोज ताजं पाणी पाजून चालवलं, कधी रुसलं न्हाई ते. म्हणून म्या हे सांडून देतो अन् बोरचं भरतो."

त्यांनी बादली उचलली. सगळे त्यांच्याकडंच बघत होते. बाहेर रस्त्यानं कोणाचे तरी बैल सजून निघाले होते, त्यांची घुंगरं वाजत गेली.

"काहून गप झाले सगळे?"

उत्तमसिंग म्हणाला, "कुछ नहीं चाचा."

"काही चुकलं का माझं?"

तेव्हा सखुबाई खाटेवरून उठल्या. भिंत धरत धरत त्या पायरीशी आल्या.

"अहो, ते शेवाळ न्हाई. ते गाडीचं औषध हाय. मिस्तरी पैसे घेऊन घालतो ते. ते घातल्यानं गाडी तापत न्हाई. तुमी सांडून देऊन राहिले."

"औषध?"

"व्हय."

"मंग ही तापून राहिली ती..."

सखुबाईंनी मान डोलावली. सटवाजी बादली हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी बोनेटवर हात ठेवला, कालचं तूप तिथं अजून चिकट होतं.

"मला काय ठावं," ते म्हणाले. "बैलाला पाणी नको असलं की तोंड फिरवायचा. ही तर घालंल तितकं पेली."

आणि बादलीतलं पाणी त्यांनी बाणाच्या खुंट्याच्या बुडाशी ओतून दिलं. निम्मं धोतरावर सांडलं. शिवकन्या धावत गेली आणि बादली त्यांच्या हातून घेतली. "मामा, राहू द्या. मला दिसायचं दरवेळी. म्याच सांगायला पायजे व्हतं. कालच सांगायला पायजे व्हतं." ती रडत होती. कोमलनं दारातून तिच्याकडं बघितलं, आणि काल डाळ पाखडताना मिळालेलं उत्तर तिला आठवलं. त्याचा जाब ती पुढं कधीतरी विचारणार होती.

* * *

गावाची घुंगरं मारुतीकडं जमायला लागली. कोणाला जायची इच्छा नव्हती. पण हळद लावलेली, माळ बांधलेली गाडी गोठ्यात उभी, आणि सखुबाई म्हणाल्या, "पुजलंय तर न्या. आपलं दावं रिकामं आलं न्हाई कधी तोरणाला."

इंजन बंद. सटवाजींनी पुढच्या कडीला कासरा बांधला, खांद्यावर घेतला आणि पुढं झाले. उत्तमसिंग खिडकीतून स्टेअरिंग धरून चालू लागला. मागून डिकीला दोघं भाऊ लागले. आपोआपच, कोणी कोणाला सांगितलं नाही.

गल्लीच्या वळणापर्यंत नुसता श्वासाचा आवाज होता. घामानं सोमेश्वरचा पोळ्याचा नवा सदरा पाठीला चिकटला. माफी मागायची त्याला सवय नव्हती, आणि लहान भावाची कशी मागतात हे त्याला कोणी शिकवलंही नव्हतं. उद्याची चार माणसं आता बोलवायची नाहीत, एवढं त्याचं त्याला कळलं होतं. शेवटी तो एवढंच म्हणाला,

"विजू, तू काहून खोटं बोललास रे?"

विजयकुमारनं मान वर केली नाही. दोन्ही तळवे डिकीवर टेकलेले, नजर मातीत.

"आण्णासाठी," तो म्हणाला. "ते सोड भाऊ. मी चोर हाय म्हणलं, अन् तू बघता बघता मानलंस. तू काहून मानलंस?"

पुढून सटवाजींचा आवाज आला, "अरे, जोर कमी पडून राहिला. दोघं बराबर लावा की!"

सोमेश्वरनं तळहात काढून घेतले, खाली वाकून डिकीला खांदा लावला आणि गाडी ढकलायला लागला. पारावरचे लोक बघत होते. आज कोणी हसलं की नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.